खुशीचा डबा कोणाचा?

खाडीकाठची भातशेती विकायची की नाही यावर या घरात जेवढी चर्चा झाली नव्हती, तेवढी खुशीच्या डब्यावर झाली. शेती विकली तेव्हा शत्रुघ्नरावांनी जेवता जेवता नुसतं "दिली" म्हणून सांगितलं होतं आणि वर कालवण मागितलं होतं. डब्याच्या बाबतीत मात्र त्यांनी रीतसर सगळ्यांना निरोप धाडले. रविवारी सकाळी बोळिंजच्या बंगल्यात सोफ्यावर पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली चादर अंथरली गेली, टीपॉयवर चार डबे ओळीने मांडले गेले आणि मुलगी बघायला आल्यासारखी माणसं त्यांच्याभोवती बसली.

रचना हातात लाटणं धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला बस म्हणून कोणी सांगितलं नव्हतं आणि तिलाही बसायचं नव्हतं. ही बैठक डब्यासाठी नाही, आपल्या सोमवारासाठी आहे, हे ती पुरतं ओळखून होती.

लग्नाआधीपासून ती विरारच्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. मग खुशी झाली, पाठोपाठ सासूबाई गेल्या आणि 'सध्यापुरती' सोडलेली नोकरी सुटली ती सुटलीच. आता खुशी ज्युनिअर केजीत जाऊ लागली होती आणि लॅबच्या मॅडमनी आपण होऊन फोन केला होता: सोमवारी ये, नाही तर मी दुसरी मुलगी बघते. रचनाने फोन ठेवायच्या आतच हो म्हटलं होतं. अडचण एकच होती. शाळा सुरू झाल्यापासून खुशीचा डबा एक दिवसही संपून आला नव्हता.

घरी ताटात वाढलेलं ती चाटूनपुसून खायची. शाळेच्या डब्यात मात्र रोज काहीतरी उरायचं. कधी घासभर पोळी, कधी चमचाभर भात. एकदा तर डब्यात जास्वंदीचं पान आणि कोणाच्या तरी खोडरबराचा तुकडा निघाला. शाळेच्या बाई गेटवर म्हणाल्या, "घरात काही टेन्शन आहे का बघा." हे शत्रुघ्नरावांच्या कानावर गेलं आणि त्यांनी निकाल देऊन टाकला. पोर डबा संपवत असेल तर आईने खुशाल कामावर जावं. संपवत नसेल तर आईने घरी राहावं आणि पोरीला दुपारी घरी आणून गरम जेवू घालावं. वर ते गोड आवाजात म्हणाले होते, "आमची जबरदस्ती नाय हां. तुझा तूच विचार कर." या घरात कोणाकडून काही सोडवून घ्यायचं असलं की आधी असं गोड बोललं जायचं.

तर टीपॉयवरचे डबे.

पहिला शत्रुघ्नरावांचा. भांड्यांच्या दुकानात स्वतः उभं राहून घेतलेला, जाड स्टीलचा, एकावर एक तीन डबे चढवून वर कडी लावायचा. झाकणावर मशीनने नाव घातलेलं: 'चि. खुशी हिस आजोबा शत्रुघ्न यांजकडून शाळाप्रवेशानिमित्त सप्रेम भेट'. मजकूर झाकणावर मावला नाही म्हणून खालच्या डब्याला वळसा घालून पुढे गेला होता. हा डबा असेल त्या दिवशी खुशी एका बाजूला कलून चालायची.

दुसरा धाकट्या दिराचा, अल्पेशचा. मोबाइलवरून मागवलेला, वायर लावली की अन्न गरम करणारा. चार वर्षांच्या मुलांच्या वर्गात ती वायर लावायची कुठे, याचा विचार कंपनीने केला नव्हता आणि अल्पेशनेही.

तिसरा वसुंधराआत्याचा. ही शत्रुघ्नरावांची धाकटी बहीण, सकाळीच सासरहून आली होती. तिने शाळा सुरू झाली तेव्हाच भला मोठा कॅसरोल पाठवला होता, निळ्या फुलांचा, रिबिनीसकट. लग्नात आलेला आहेर तसाच पुढे सरकवला होता, हे सगळ्यांना कळत होतं, कारण 'नवदाम्पत्यास शुभाशीर्वाद' ही चिठ्ठी काढायची राहून गेली होती.

आणि चौथा रचनाचा. चपटा, हलका, आत दोन खण, झाकण मुलांच्या बोटांना सहज उघडेल असं. बाजारात जाऊन, चार दुकानं फिरून तिने तो कोणालाही न विचारता आणला होता. म्हणूनच तो ओळीत शेवटी होता.

घरात शांतता राहावी म्हणून तिने डब्यांच्या पाळ्या लावल्या होत्या. एक दिवस आजोबांचा, एक दिवस काकाचा, एक दिवस आत्याआजीचा, एक दिवस आईचा. रोज संध्याकाळी ज्याची पाळी असेल तो विचारायचा, आत्याआजी फोनवरून, "माझ्या डब्यातलं संपवलंस ना ग?" आणि खुशी ओठ मिटून घ्यायची.

"स्टील ते स्टील," शत्रुघ्नरावांनी सुरुवात केली. "आमचा बापूस मिठागरावर जायचा तेव्हा पितळेच्या डब्यातून भाकर न्यायचा. प्लास्टिकला हात लावला नाय कधी."

"पप्पा, आजोबा मिठागरावर जायचे, ज्युनिअर केजीत नाही," अल्पेश म्हणाला. "प्रॉब्लेम टेम्परेचरचा आहे. थंडगार पोळी कोण खाणार? माझ्या डब्यात काय, बटन दाबलं की विषय संपला."

"तुझ्या डब्याला वायर हाय," वसुंधरा म्हणाली. "पोरं जेवतील का लायटीच्या मागे लागतील? आनि माझ्यात तर वायर न लावता संध्याकाळपर्यंत गरम राहतं."

"आत्या, तुझ्या डब्यात अख्खी पंगत उठेल."

"उठू दे की. उरलं तर बाईंना वाढेल."

"पण गरम हवं, हे तर तुला पटतं?"

"गरम तर पायजेच."

झालं. आत्ता एकमेकांच्या डब्यांवर उठलेले आत्या-भाचे 'गरम' या मुद्द्यावर एक झाले आणि सोफ्यावर जवळ जवळ सरकून बसले. शत्रुघ्नराव एकटे पडले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मोठा मुलगा प्रितेश दोन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर बसून मोबाइल पाहत होता. कोणत्याही भांडणात तो अशा जागी बसायचा की दोन्हीकडच्यांना तो आपलाच वाटे.

"प्रितेश, तू बोल."

"सगळेच चांगले आहेत, पप्पा."

रचनाने लाटणं या हातातून त्या हातात घेतलं. प्रितेशने ते पाहिलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

तेव्हा शत्रुघ्नरावांची नजर चौथ्या डब्यावर गेली. "सूनबाईचा डबा पन स्टीलचाच हाय," ते म्हणाले. "बघा. सून माझ्या बाजूची हाय." लग्न झाल्यापासून सासरे उघडपणे तिच्या बाजूला उभे राहण्याची ही पहिलीच वेळ होती आणि ती स्टीलमुळे आली होती. रचनाला हसावं की रडावं कळेना. ती म्हणाली, "हो पप्पा. आणि तो हलका आहे, तिला उघडता येतो. तेवढाच ठेवू या."

"हलका हाय तेच चुकतं. पोराला वजनाची सवय पायजे."

एवढ्यावर सासरा-सुनेची युती मोडली.

"मी काय म्हणते," वसुंधराने आवाज खाली आणला, आणि आता मूळ मुद्दा येणार हे रचनाने ओळखलं. "डबा कोनताही असू दे. शेवटी आईच्या हातचं गरम ते गरम. पोर एवढीशी हाय. दोन-चार वर्षांनी जाईल की रचना कामावर. काम काय पळून चाललंय?"

"पळूनच चाललंय, आत्या," रचना म्हणाली. "सोमवारी."

कोपऱ्यात खुर्चीवर पाय वर घेऊन वाल सोलत बसलेली भागूबाई, शत्रुघ्नरावांची आई आणि खुशीची पणजी, सालं बाजूला झटकत राहिली. तिच्या शेजारी हिल्डाबाई बसल्या होत्या. त्या भिंतीपलीकडच्या शेजारीण, मराठी शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. या घरातली दोन्ही मुलं त्यांच्या हाताखालून गेली होती, म्हणून पंच म्हणून त्यांना बोलावणं गेलं होतं.

"शत्रुघ्न," हिल्डाबाई म्हणाल्या, "मघापासून जो तो स्वतःच्या डब्याचं सांगतोय. जेवायचं जिला आहे तिला कोणी विचारलं का?"

शत्रुघ्नरावांना ही कल्पना फार आवडली. त्यांनी लगेच तिची परीक्षा करून टाकली. चारही डब्यांत सारखं जेवण घालायचं. खुशीने चारही डबे खायचे. जो संपेल तो डबा पक्का, सोमवारी रचना मोकळी. एकही संपला नाही, तर रचनाने घरी राहायचं आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. "मंजूर?" त्यांनी विचारलं. रचना सोडून सगळे मंजूर म्हणाले.

तिने आत जाऊन पोळीला तूप-गूळ लावून छोट्या छोट्या सुरळ्या केल्या. खुशीला कमी भूक लागेल असं सकाळपासून काही झालं नव्हतं ना, याची उजळणी करत तिने त्या डब्यांत भरल्या. रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधताना तिला कधी दुसऱ्यांदा बघावं लागत नसे. आता पोळीच्या सुरळ्या मात्र ती दोन-दोनदा मोजत होती. एवढं शिकून, एवढ्या लोकांच्या शिरा शोधून, शेवटी आपलं सगळं एका पोरीच्या चार घासांवर येऊन ठेपलं, याचा तिला भयंकर राग आला.

बाहेर तयारी जोरात चालली होती. परीक्षा म्हणजे शाळेसारखीच हवी, म्हणून अल्पेशने खुशीला रविवारच्या दिवशी युनिफॉर्म चढवला, गळ्यात पाण्याची बाटली अडकवली आणि नॅपकिन पिनेने छातीवर लावला. मधली सुट्टी झाली हे कळायला हवं, म्हणून देवघरातली घंटा आणली. खुशीला हे सगळं मनापासून पटलेलं दिसलं. ती चटईवर मांडी घालून बसली, डोळे मिटून शाळेतली प्रार्थना म्हणाली आणि शेवटी स्वतःच म्हणाली, "सायलेन्स."

अल्पेशने घंटा वाजवली.

सात मोठी माणसं श्वास रोखून एका मुलीला पोळी खाताना बघू लागली. खुशीने आजोबांच्या डब्यापासून सुरुवात केली. कडी निघेना, तेव्हा शत्रुघ्नराव नकळत उठले, पण हिल्डाबाईंनी त्यांना हाताने खाली बसवलं. शेवटी कडी निघाली. खुशीने सुरळ्या खाल्ल्या, चांगल्या चवीने खाल्ल्या, आणि शेवटची अर्धी उरली तेव्हा ती डब्यात नीट मधोमध ठेवून झाकण लावलं.

"अगं, तेवढी खा की," शत्रुघ्नराव कळवळून म्हणाले.

"झालं माझं."

मग आत्याआजीचा कॅसरोल. त्यात एक तुकडा उरला. आईचा डबा. रचना डोळे मिटून उभी राहिली. उघडले तेव्हा दुसऱ्या खणात गुळाचा एवढासा खडा ठेवून खुशी झाकण दाबत होती. शेवटी काकाचा डबा राहिला. तो आतून लहान, त्यात सुरळ्याही चुरगळलेल्या, आणि खुशी बोलण्याच्या नादात भराभर खात गेली. एकाएकी ती थांबली. तिने आत डोकावलं. डबा रिकामा होता.

"संपला!" अल्पेश उडी मारून ओरडला. "वहिनी, संपला! जिंकलो!"

रचनाने लाटणं टाकलंच. पण खुशीचा चेहरा पडला होता. ती इकडे तिकडे बघायला लागली आणि डबा तसाच उचलून, गळ्यातली बाटली हलवत ती अंगणात पळाली. सगळे मागोमाग दारापर्यंत गेले. खुशीने कुंडीतलं तुळशीचं पान तोडलं, डब्यात टाकलं, झाकण लावलं आणि धापा टाकत परत येऊन डबा काकाच्या हातात दिला.

"हे काय?" अल्पेश म्हणाला.

"तुझा डबा."

"पण त्यात पान कशाला घातलंस?"

खुशीने त्याच्याकडे असं पाहिलं की एवढं साधं याला कसं माहीत नाही. "दुसऱ्याचं भांडं रिकामं देतात का? हिल्डा आंटीची वाटी आपण कधी रिकामी देतो का?"

सगळ्यांच्या माना भागूबाई आणि हिल्डाबाईंकडे वळल्या. मधल्या भिंतीवरून या दोघींची एक पितळी वाटी कित्येक वर्षं जा-ये करत होती. इकडून वालाचं बिरडं गेलं की तिकडून सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी यायची, तिकडून नाताळातले तळलेले गोड फुगे आले की इकडून मूठभर तांदूळ तरी जायचे. घरात काही नसेल तर साखरेचे चार दाणे, पण वाटी रिकामी नाही. ती मुळात कोणाची, हे आता दोघींनाही सांगता आलं नसतं. आणि शाळा नव्हती तेव्हा रोज दुपारी ही वाटी भिंतीपर्यंत न्यायचं काम खुशीचं होतं.

रचनाने चटईवरच्या डब्यांची झाकणं एकेक करून उघडून पाहिली. म्हणजे पोरगी उपाशी राहत नव्हती. तिला टेन्शन नव्हतं, ती आजारी नव्हती, आईवर रुसलेलीही नव्हती. रोज दुसऱ्या कोणाचा तरी डबा शाळेत नेऊन, त्यात आपल्या तोंडचा घास मागे ठेवून, ती तो रीतीने परत करत होती. आणि चुकून संपलाच, तर खोडरबर घालत होती. रचनाला इतकं हसू आलं की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"एवढंच ना!" शत्रुघ्नराव म्हणाले. "अगं बाळा, तो दुसऱ्याचा नाय. आपलाच डबा हाय तो."

"आपला म्हणजे कोणाचा?" खुशीने विचारलं.

या प्रश्नावर शत्रुघ्नरावांचे चुलत भाऊ त्यांच्याशी बोलायचे बंद झाले होते आणि वकिलांच्या मुलांची शिक्षणं झाली होती. "आपला म्हणजे… सगळ्यांचा."

"मग मी संपवला तर सगळ्यांना रिकामा जाईल."

"हो," प्रितेश एकदम म्हणाला. सकाळपासून एवढं ठाम तो पहिल्यांदाच बोलला होता.

"आय, तू सांग तिला," शत्रुघ्नराव भागूबाईकडे वळले. "तूच शिकवलं ना? आता सांग की डब्याला ते लागू नाय."

"का नाय?" भागूबाई म्हणाली. "मी कशाला खोटं सांगू? ज्याचं भांडं त्याला रितं देऊ नये. तुमी तिला रोज सांगता, माझा डबा, माझा डबा. पोर काय करनार?"

"मग डबा तिचाच करून टाका," हिल्डाबाई म्हणाल्या. "स्वतःच्या भांड्याला कसली परतफेड?"

खुशीला कोणता हवा ते विचारलं. तिने क्षणभरही न थांबता आईचा चपटा डबा उचलला. "हा माझ्या हाताला ऐकतो," ती म्हणाली.

"घे मग. तुझा झाला," रचना म्हणाली. पण खुशी तशी फसणारी नव्हती. गेल्या महिन्यात आपला झालेला चेंडू काकाने परत नेला होता, हे तिच्या लक्षात होतं. ती सगळ्यांकडे बघत राहिली. आणि शत्रुघ्नरावांच्या अंगात कार्य शिरलं. जमिनीच्या व्यवहारात त्यांचं आयुष्य गेलं होतं, मालकी अशी तोंडी बदलत नाही हे त्यांना ठाऊक होतं. "पानी सोडू या," ते म्हणाले. "रीतसर. उद्या कोन मागायला नको."

तांब्या आला, ताम्हण आलं, डब्यावर तुळशीचं पान ठेवलं गेलं. वास्तविक तो डबा रचनाने घेतलेला, त्यावर बाकी कोणाचा काडीचाही हक्क नव्हता. पण एकेकाने पुढे येऊन हातावर पाणी घेतलं आणि जे कधी आपलं नव्हतं ते मोठ्या मनाने सोडून दिलं. शत्रुघ्नरावांनी घसा साफ करून म्हटलं, "या डब्यावर माझा, माझ्या वारसांचा काही हक्क नाय," आणि पाणी सोडलं. अल्पेशने सोडलं. प्रितेशने सोडलं आणि शर्टावर सांडलं. हिल्डाबाई म्हणाल्या, "माझा संबंध नाही, पण खात्रीला असू दे," आणि क्रूस करून त्यांनीही सोडलं. भागूबाईने वालाच्या वासाच्या हाताने सोडलं.

"वसू, ये."

वसुंधरा उठली नाही.

"मी नाय सोडत," ती म्हणाली.

"अगं, डबा हाय तो. चेष्टा करतेस काय?"

"चेष्टा तू करतोस, दादा. मी एकदा सोडलंय. याच घरात. तेव्हा पन तू असाच बोलला होतास, जबरदस्ती नाय, तुझा तूच विचार कर. आयने माझ्या आवडीचं जेवन केलेलं, वहिनीने साडी दिलेली. मी सही केली आनि शेतातला माझा वाटा गेला. आजपर्यंत एक शब्द बोलली का मी?"

तिचा आवाज चढला नव्हता. भागूबाईचे हात वालाच्या सुपात थांबले. शत्रुघ्नरावांच्या हातातला तांब्या तसाच अधांतरी राहिला.

"त्याचं आत्ता काय?" ते पुटपुटले.

"आत्ता ही हाय," वसुंधराने रचनाकडे बोट केलं. "मघाशी मी पन तिला तेच बोलली, दोन-चार वर्षांनी जा. बोलता बोलता माझाच कान तापला. गोड बोलून सोडायला कसं लावतात, ते माझ्यापेक्षा कोनाला कळनार? दादा, सगळ्यांसमोर सांग. पोरीने डबा संपवला नाय तरी रचना सोमवारी कामावर जानार. सांग, मग मी सोडते. नाय तर माझा हक्क ऱ्हायला या डब्यावर. पोर आयुष्यभर त्यात पानं भरून आनेल."

"आनि व्हॅनमधून पोर उतरली की घ्यायची कोनी?"

"तू घे. दुकानात सिमेंटच्या गोण्या मोजायला नोकर हाय ना तुझा?"

शत्रुघ्नरावांनी मुलांकडे पाहिलं. अल्पेश घंटा पुसत होता. प्रितेशने घसा खाकरला, रचनाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मंगळवारी, गुरुवारी मी लवकर येईन, पप्पा. बाकीचे दिवस तुम्ही." एवढं बोलून त्याला घाम फुटला. रचनाला आपल्या नवऱ्याचा इतका अभिमान लग्नातही वाटला नव्हता.

तांब्यातलं पाणी शत्रुघ्नरावांच्या कोपरावरून ओघळत होतं आणि खुशी डबा उराशी धरून वाट बघत होती. "आजोबा, लवकर," ती म्हणाली, "माझे पाय दुखतात."

"जाऊ दे तिला सोमवारी," शत्रुघ्नराव म्हणाले. मग बहिणीकडे न बघता, "वसू, तेव्हा मी चुकलो असेन."

"असेन नाय. चुकलास." वसुंधरा उठली, हात पुढे केला, पाणी घेतलं आणि सोडलं. मग पदराने नाक पुसत म्हणाली, "आता जेवायला वाढा. सकाळपासून नुसते डबे बघतेय मी."

सगळे उठायला लागले, पण खुशी हलली नाही.

"आईचं राहिलं," ती म्हणाली.

"अगं, माझाच तर आहे तो," रचना म्हणाली. "म्हणजे… मीच दिलाय ना तुला?"

"मग सोड ना."

शत्रुघ्नरावांनी तांब्या पुढे केला. रचनाने हात धरला. इतका वेळ सगळ्यांवर हसत होती ती, आणि आता तिच्याच हातून पाणी सुटेना. चार दुकानं फिरून घेतलेला डबा. या घरात कोणाला न विचारता केलेली तेवढी एकच गोष्ट. तिला वाटत होतं की लढाई आपल्या नोकरीची आहे. पण समोर युनिफॉर्ममधली एवढीशी पोर डबा हवा म्हणून नाही, आईने हात काढून घ्यावा म्हणून उभी होती, आणि आई म्हणून तिला ते फार जड गेलं.

"तुझा," ती म्हणाली. "माझा नाही." पाणी ताम्हणात पडलं.

खुशीने डबा दप्तरात ठेवला आणि चेन लावली.

सोमवारी लॅबमध्ये गर्दी होती. इतक्या दिवसांनी हात चालेल की नाही ही भीती रचनाला होती, पण पहिली शीर सापडली आणि भीती गेली. दुपारी समोरच्या खुर्चीत एक जाडजूड आजी बाही वर करून बसल्या होत्या, तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला. घरच्या ग्रुपवर सासऱ्यांनी फोटो टाकला होता. व्हॅनपाशीच, रस्त्यावर, हातात धरून काढलेला उघड्या डब्याचा फोटो. खाली अल्पेशने हात जोडले होते, वसुंधराआत्याने कळशीचं चित्र टाकलं होतं, प्रितेशने नुसतं 'वा' लिहिलं होतं.

रचनाने फोटो मोठा केला. एक खण पाहिला, मग दुसरा. कोपरे पाहिले. शीतही नव्हतं, पान नव्हतं, गुळाचा खडा नव्हता. हेच तर हवं होतं तिला. तरी ती बराच वेळ बोटांनी फोटो सरकवत शोधत राहिली, एखादा घास आपल्यासाठी राहिलाय का ते. नव्हता. आणि तिला भर लॅबमध्ये रडू कोसळलं.

"काय झालं, बाई?" आजी घाबरून म्हणाल्या. "माझा रिपोर्ट आला काय?"

"नाही हो. मुलीने डबा संपवला."

"मग रडता कशाला?"

"पहिल्यांदाच संपवला," रचना म्हणाली. तिने दंडाच्या बाहीला डोळे पुसले आणि पट्टा बांधला. "आजी, मूठ आवळा."